मदत हवी आहे: क्यूजीआयएस आणि कॅडसाठी परवडणारी उपग्रह प्रतिमासेवा

नमस्कार मंडळी,

माण-खटाव (जि. सातारा) भागात पाइपलाइन आणि पाणंद रस्त्यांच्या सर्व्हेचं काम करतो. मोजणी डीजीपीएसवर (जास्त अचूक जीपीएस), आखणी क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर) आणि शेवटचा नकाशा कॅडमध्ये (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर). नकाशाच्या मागे स्पष्ट उपग्रह प्रतिमा असली की बांध, ओढे, विहिरी, वस्त्या आधीच कळतात आणि शिवारातल्या कितीतरी चकरा वाचतात. ही प्रतिमा रीतसर परवान्याने आणि लहान ऑफिसला झेपेल अशा दरात कुठे मिळते, हे विचारायचं आहे.

फुकटातलं बरंच वापरून झालंय. सेंटिनेल-२ (युरोपचे उपग्रह) मला मनापासून आवडतं. दर काही दिवसांनी नवी प्रतिमा येते, तलाव किती आटला, पीक कुठवर आहे ते लगेच दिसतं. पण पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा! त्यात तीन फुटांचा बांध कुठून दिसणार? आपल्या इस्रोच्या लिस-४ कॅमेऱ्याचा पिक्सेल ५.८ मीटरचा, तिथेही बांधाचं तेच.

यूट्यूबवर सर्रास गूगलच्या टाइल्सचा (प्रतिमेच्या चौकोनी तुकड्यांचा) पत्ता क्यूजीआयएसच्या एक्सवायझेड जोडणीत टाकायला सांगतात. प्रतिमा सुरेख दिसते, पण तिच्यावरून रेषा ओढून स्वतःचा नकाशा करायला गूगलच्या अटींत मनाई आहे. आमचे नकाशे निविदेला जोडले जातात, तेव्हा ही वाट नकोच. मायक्रोसॉफ्टच्या बिंग आणि एस्री कंपनीच्या प्रतिमांवरून ट्रेसिंग चालतं असं सुचवलं जातं, पण ती मुभा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशात भर घालण्यासाठी आहे, ग्राहकाच्या ड्रॉइंगसाठी नाही.

उरली विकतची प्रतिमा. एका विक्रेत्याकडे ५० सेंटिमीटर पिक्सेलच्या जुन्या, संग्रहातल्या प्रतिमेची चौकशी केली. किमान ऑर्डर २५ चौरस किलोमीटर. माझी पाइपलाइन चार किलोमीटरची, दोन्ही बाजूंना शंभर-शंभर मीटर धरले तरी ०.८ चौरस किलोमीटर होतं. उरलेल्या २४ चौरस किलोमीटरचे पैसे कुठल्या शेतकऱ्याकडून घेऊ? ड्रोनचा पर्याय माहीत आहे, पण तीन-तीन मार्ग नुसते तपासून बघायचे असतात तेव्हा तो खर्च अंगावर येतो.

कॅडची अडचण वेगळीच. आमच्या कॅडमध्ये टाइल्स थेट उघडत नाहीत. क्यूजीआयएसमधून ईपीएसजी ३२६४३ (आपल्या भागाची मीटरमधली निर्देशांक पद्धत) मध्ये जिओटिफ (जागेचे निर्देशांक असलेली प्रतिमा फाइल) काढून ती कॅडमध्ये घ्यावी लागते. (नवीन मंडळींनी वेब मर्केटर या ऑनलाइन नकाशांच्या पद्धतीतच निर्यात करू नये. आपल्या अक्षांशावर १०० मीटरचा बांध १०५ मीटरच्या आसपास भरतो.) म्हणजे नुसती बघायची परवानगी पुरत नाही, प्रतिमा डिस्कवर साठवायची परवानगीही लागते, आणि बहुतेक टाइल सेवांच्या अटी नेमक्या तिथेच आडव्या येतात.

तर जाणकारांनो, महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीवर डब्ल्यूएमटीएस (टाइल्स थेट सॉफ्टवेअरमध्ये देणारी जोडणी) देणारी, डिजिटायझिंग (प्रतिमेवरून रेषा ओढणं) आणि ऑफलाइन साठवण दोन्ही लेखी मान्य करणारी सेवा कुणी प्रत्यक्ष वापरता का? ग्रामीण भागात ती कितव्या झूमपर्यंत स्पष्ट राहते? प्रतिमा कोणत्या तारखेची आहे ते कळतं का? दोन वर्षांत इकडे नवी शेततळी झाली आहेत, त्यामुळे तारीख माझ्यासाठी फार महत्त्वाची. चार-पाच सर्व्हेयर मिळून २५ चौरस किलोमीटर विकत घेतले, तर एकच परवाना सगळ्यांना चालतो का, हेही कुणाला अनुभवाने माहीत असेल तर जरूर सांगा. दर इथे लिहायचा नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.