मदत हवी आहे: मातीच्या त्रिकोणावरच्या ठिपक्यांमधून गुळगुळीत वक्र कसा काढायचा?

नमस्कार. आर्वी तालुक्यात आमचं वावर आहे. वरच्या धुऱ्याला बरड, मुरमाड, आणि खाली नाल्याकडे काळी भारी जमीन. उतारावरून सरळ रेषेत दर २५ मीटरवर एक, असे १४ नमुने घेतले आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत हायड्रोमीटरने (लिटरभर पाण्यात किती ग्रॅम माती अजून तरंगते आहे ते दाखवणारी, पाण्यात तरंगणारी नळी) वाळू, गाळ आणि चिकणमातीची टक्केवारी काढली. नमुने प्रत्येकी ५० ग्रॅम, एक लिटरच्या जारमध्ये. एक वाचन ४० सेकंदांनी, वाळू तळाला बसल्यावर; दुसरं दोन तासांनी, गाळही बसल्यावर. म्हणजे दुसरं वाचन चिकणमातीचं, आणि दोन्हींतला फरक गाळाचा.

पहिला नमुना: वाळू ५८, गाळ २४, चिकणमाती १८. दहावा: १२, ४४, ४४. शेवटचा, नाल्याकाठचा: ६, ३०, ६४. त्रिकोणी आलेखावर (त्याचे तीन कोपरे म्हणजे १०० टक्के वाळू, गाळ आणि चिकणमाती) ठिपके टाकले की विळ्यासारखा वळलेला पट्टा दिसतो. त्यातून एक स्वच्छ वक्र हवा आहे. चिकणमातीची ४० टक्क्यांची रेषा तो कुठे ओलांडतो ते मला बाबांना वावरात उभं राहून दाखवायचं आहे. तिथून खाली झडीत पाणी साचतं आणि पऱ्हाटी पिवळी पडते, म्हणून पुढच्या हंगामात चर कुठून काढायचा ते यावर ठरवायचं आहे.

करून पाहिलेलं असं. वाळूचा कोपरा शून्यावर ठेवून क्ष = गाळ + चिकणमातीचा अर्धा, य = चिकणमाती × ०.८६६ (टक्केवारीला १०० ने भागून) असे निर्देशांक काढले आणि स्प्रेडशीटची ट्रेंडलाइन लावली. ती फसते, कारण क्ष ०.३३ पासून ०.६६ पर्यंत जातो आणि मग ०.६२ ला मागे वळतो. मग अंतरानुसार तिन्ही घटकांना वेगवेगळे वक्र बसवले, वाळूला दुसऱ्या घाताचा, गाळाला तिसऱ्या. बेरीज कुठे १०३ तर कुठे ९८, आणि नाल्याजवळ वाळू चक्क उणे २ टक्के!

शिवाय नववा नमुना (२८, ४३, २९) पट्ट्यातून बाहेर पडतो. तो काढून टाकावा का? पहिल्या वेळी त्याचा जार सांडला होता, म्हणून तेवढाच मे महिन्यात परत केला. बाकी सगळे डिसेंबरात सकाळी झाले.

प्रतिसाद १
ताई, अंतराला आधार धरलात हे बरोबर केलंत. क्ष मागे वळला तरी अंतर पुढेच जातं. तिन्ही घटकांना एकाच घाताचा वक्र दिला असता तर बेरीज आपोआप १०० आली असती, पण उणे येणं त्याने थांबत नाही. त्यासाठी टक्के सोडा, गुणोत्तरांचे नैसर्गिक लॉग (ln) घ्या. जॉन एचिसन यांनी १९८२ मध्ये हीच वाट दाखवली.

लॉग(वाळू ÷ चिकणमाती) आणि लॉग(गाळ ÷ चिकणमाती) असे दोन आकडे करा. पहिल्या नमुन्याला १.१७ आणि ०.२९ येतील. हे दोन्ही अंतराविरुद्ध स्मूदिंग स्प्लाइनने (ठिपक्यांच्या जवळून जाणारा लवचीक वक्र) गुळगुळीत करा. परत टक्क्यांत येताना दोघांसाठी e चा तेवढा घात (EXP) काढा, तिसरा १ धरा आणि तिघांना त्यांच्या बेरजेने भागा. वक्र त्रिकोणाबाहेर जाऊच शकत नाही. दोन्हींना गुळगुळीतपणा सारखाच द्या, म्हणजे भाजक कोणताही घेतला तरी वक्र तोच येतो. तो किती द्यायचा हे एकेक नमुना बाजूला ठेवून उरलेल्या १३ वरून त्याचा अंदाज काढत ठरवा.

एक सांभाळा. वाळू ६ च्या जागी ४ झाली तर लॉगमध्ये ती मोठी उडी होते, म्हणून नाल्याकडच्या ठिपक्यांना वजन थोडं कमी ठेवा.

प्रतिसाद २
नववा नमुना काढू नका. मे महिन्यात जारमधल्या पाण्याचं तापमान किती होतं? हायड्रोमीटर २० अंशांना जुळवलेलं असतं. पाणी गरम झालं की ते जास्त बुडतं आणि वाचन कमी येतं. २० च्या वर दर अंशाला लिटरमागे ०.३६ ग्रॅम मिळवावे लागतात.

धागाकर्ती
वही काढली. ३७ अंश लिहिलेलं आहे, दुरुस्ती मात्र कुठेच नाही. १७ × ०.३६ म्हणजे ६.१२ ग्रॅम, ५० ग्रॅम मातीत १२ टक्के! दोन्ही वाचनांत चूक सारखीच, म्हणून गाळ ४३ च राहतो. चिकणमाती २९ ची ४१ होते, वाळू २८ ची १६. ठिपका अगदी पट्ट्यात येऊन बसला. दादा, तुम्ही विचारलं नसतं तर मी तो नमुना फेकूनच देणार होते.

लॉगचा वक्रही काढला. आधी ४० ची रेषा २२० मीटरवर दिसत होती, आता १९० च्या आसपास, म्हणजे निंबाच्या झाडाच्या थोडं खाली. चराची जागा ३० मीटर वर सरकली. १७५ ते २०० मीटरच्या मध्ये आणखी दोन नमुने घेऊन, पाण्याचं तापमान लिहून, मग बाबांना वावरात नेते.