मे महिन्यातलं केळवण आणि पुऱ्यांचा घाट

कुणीतरी विचारलंय, मे महिन्यात वीसेक माणसांचं केळवण घरीच करायचंय, तर बेत काय ठेवावा. इतरांनी सुचवलेले पदार्थ चांगलेच आहेत, पण बटाटेवडे, पुऱ्या, मसालेभात म्हणजे यजमानीण पूर्णवेळ गॅससमोर. ज्यांना प्रेमाने बोलावलंय त्यांच्याशी ती बोलणार कधी?

मी आंब्याची डाळ मुख्य धरेन. दोन वाट्या हरभरा डाळ 4-5 तास भिजवून अगदी कोरडी निथळायची आणि पाणी न घालता भरड वाटायची. पेस्ट झाली की चव गेलीच. कैरीचा कीस चाखत चाखत घालायचा, प्रत्येक कैरी वेगळी असते. मग ओलं खोबरं, मिरची, मीठ, चवीला साखर. हिंग-मोहरीची फोडणी गार करूनच ओतायची.

दहीभातात दूध जास्त आणि दही कमी घाला, वेळेपर्यंत आंबणार नाही. सोबत काकडीची कोशिंबीर, तळणीच्या मिरच्या.

आमरस हवाच! त्याबरोबर पुऱ्यांऐवजी सकाळी केलेल्या घडीच्या पोळ्या फडक्यात गुंडाळून ठेवा. रसावर तूप आणि चिमूटभर सुंठपूड विसरू नका, ज्येष्ठांना तर नक्की द्या. पन्ह्यासाठी कैरीचा गर गूळ-वेलची घालून आदल्या दिवशी फ्रीजमध्ये ठेवला, की ऐनवेळी फक्त माठातलं पाणी मिसळायचं.

औक्षणाचं तबक मात्र आधीच भरून ठेवा, ऐनवेळी निरांजनाच्या वाती सापडत नाहीत.