इटली ट्रिप: फॅमिली ग्रुपवर पेटलेली चर्चा

सुधाआत्या: सोनू, तू मंजूला आणि पिंट्याला इटलीत कड्यावर लोखंडी तारेला लटकवणार आहेस म्हणे. हे मला बाहेरून कळावं? ग्रुप कशाला आहे मग?

सोनू (म्युनिक): लटकवत नाही गं आत्या 😄 व्हिया फेराटा म्हणतात. कड्यात पोलादी तार कायमची ठोकलेली असते, अवघड जागी शिड्या. चार दिवस, गाइडसोबत. रात्री रिफ्युजिओत, म्हणजे डोंगरावरच्या निवाऱ्यात मुक्काम.

नाना: विमा काढला का?

बंडूकाका: थोडक्यात हरिहर किल्ला. युरो मोजून 😂

सोनू: काका, हरिहरला कमरेला काही नसतं. इथे हार्नेसचा पट्टा आणि तारेत अडकवायला दोन कॅराबिनर, म्हणजे उघडमीट होणाऱ्या कड्या. खुंटी आली की एक काढून पलीकडे लावायचा, मगच दुसरा.

सुधाआत्या: आणि हात सुटला तर?

सोनू: खालच्या खुंटीपर्यंत घसरत जातो, म्हणून पडायचंच नाही. झटका शोषायला शिवलेली पट्टी असते, टाके उसवत जातात. पण ती 40 ते 120 किलोसाठीच.

मंजूवहिनी: पिंट्या 38 आहे 😬

बंडूकाका: मी दुसऱ्या टोकाने बाद.

मंजूवहिनी: काका, तुम्ही येणार हे ठरलंच नव्हतं 🙏 अलंगच्या ट्रेकचे पैसेही यायचेत, सहज आठवलं.

बंडूकाका: ते मी दादाकडे कधीच दिलेत. असो. इथे नको.

नाना: विमा काढला का? साध्या प्रवास विम्यात असलं साहस बहुधा बसत नाही. हेलिकॉप्टरने उतरवायची वेळ आली तर?

सुधाआत्या: नाना, शुभ बोला हो. सोनू, वीज पडली तर? तार लोखंडाची ना?

सोनू: खरा धोका तोच. उन्हाळ्यात दुपारी गडगडाट होतो, म्हणून पहाटे निघून दुपारच्या आत खाली. गाइड म्हणाला परत, तर परत. आधी आवेराउ शिखर, 2649 मीटर, तिथली फेराटा सोपी आहे. मग लागाझुओई. पहिल्या महायुद्धात इटालियन आणि ऑस्ट्रियन सैनिकांनी एकमेकांना उडवायला तो डोंगर आतून पोखरला. त्यातला इटालियन बोगदा आजही डोक्याला टॉर्च लावून उतरता येतो.

सुधाआत्या: पोराला खायला काय तिथे?

सोनू: कासुन्झिएई, म्हणजे बीट भरलेला पास्ता, वर लोणी आणि खसखस.

बंडूकाका: खसखस खाऊन कडा? झोपेतच चढतील.

मंजूवहिनी: सोनू, 38 चं काय ते सांग आधी.

सोनू: गाइडला विचारलं. तो पिंट्याला पूर्ण वेळ स्वतःच्या दोराला आखूड बांधून नेईल. वाटेतच कंटाळला तर त्याला घेऊन मागे फिरेल.

सुधाआत्या: तोवर डिंकाचे लाडू पाठवते. दोन किलो काय, सहज वाढेल.

नाना: पॉलिसीची पीडीएफ टाका. बारीक अक्षरं मी वाचतो.