खर्चाचं कारण पटत नाही

"तृतीयपंथी सैन्यात घेतले, तर त्यांच्या लिंगबदल शस्त्रक्रियांचा खर्च करदात्यांनी का सोसायचा?" असं काही जण विचारतात. अमेरिकेपुरतं उत्तर आहे: २०१६ साली रँड या संशोधन संस्थेनं संरक्षण खात्यासाठी केलेल्या अभ्यासात हा जादा खर्च वर्षाला २४ ते ८४ लाख डॉलर धरला होता. त्याच लष्कराचं एकट्या व्हायग्राचं वार्षिक बिल चार कोटी डॉलरच्या घरात होतं! त्यावर कुणाची हरकत दिसली नाही.

पण आपल्याकडचं प्रकरण मला जास्त बोलकं वाटतं. विशाखापट्टणमच्या तळावर असलेल्या, पुरुष म्हणून भरती झालेल्या एका खलाशानं रजेवर असताना स्त्री होण्यासाठी लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतली. ऑक्टोबर २०१७ मध्ये नौदलानं तिला काढलं. शेरा काय? 'सेवेची आवश्यकता नाही.' सात वर्षं नौदलात घासलेला माणूस एका ओळीत निकाली. भरतीच्या वेळचं लिंग स्वतःहून बदललं, असा नौदलाचा मुद्दा होता, आणि तेव्हाच्या नियमांत तो बसतही होता, कारण खलाशी फक्त पुरुषच घेत. मात्र २०२२ पासून अग्निवीर म्हणून मुलीही खलाशी होतात. मग ती अडचण उरली कुठे?

"जंगलात, चकमकीत हे लोक टिकतील का" म्हणणाऱ्यांनी छत्तीसगडकडे बघावं. माओवाद्यांविरुद्ध उभारलेल्या 'बस्तर फायटर्स' या पोलीस तुकडीत २०२२ साली नऊ तृतीयपंथी निवडले गेले. मैदानी चाचणी देऊन, बरं का.