लिनक्स वापरलं म्हणून कंपनी मुक्त सॉफ्टवेअरची होते का?

लातूरचा आडत्या: मोंढ्यात आमची आडत आहे. पट्टीचं सॉफ्टवेअर इथल्याच एका कंपनीचं, पाटीवर ‘मुक्त सॉफ्टवेअर कंपनी’ असं लिहिलेलं. सर्व्हर लिनक्सचा, डेटाबेस पोस्टग्रेसचा, दोन्ही कुणीही बघावे, बदलावे, वाटावे असे मुक्त, हे खरं. ऐन सोयाबीनच्या हंगामात पट्टीत तोलाईचा रकाना हमालीपासून वेगळा पाहिजे होता. त्यांना महिनाभर सवड नाही. माझ्या भाच्याला प्रोग्रॅमिंग येतं, म्हणून सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, मागितला, तर म्हणाले, तो आमचा आहे. कंपनी स्वतः काय वापरते ते सोडा, गिऱ्हाइकाच्या हाती काय देते त्यावर तिला ओळखावं.

जालन्याचा प्रोग्रामर: दादा, तुमची अडचण खरी आहे. पण कोड दिला की दुसरा कोणीतरी तेच निम्म्या भावात विकायला बसतो. मला सात पोरांचे पगार करावे लागतात. पाया मुक्त घ्यायचा, त्यातल्या चुका दुरुस्त करून परत पाठवायच्या आणि वरचं आपलं ठेवायचं, यात गैर काय? धंद्याचे व्यवहार सांभाळणाऱ्या ओडू सॉफ्टवेअरची कम्युनिटी आवृत्ती एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, एंटरप्राइज मात्र मालकी परवान्याची.

परभणीची ताई: मग एंटरप्राइजला मुक्त म्हणू नका, एवढंच. पैसे घ्यायला कोण अडवतंय? मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी 1985 मध्ये ईमॅक्स या मुक्त एडिटरची टेप 150 डॉलरला विकली. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे तसलंच धंद्याचं सॉफ्टवेअर अख्खं जीपीएल 3 या मुक्त परवान्याखाली आहे, कंपनी होस्टिंग (ते आपल्या सर्व्हरवर चालवून देणं) आणि सेवेवर कमावते.

जालन्याचा प्रोग्रामर: मुंबईची गिऱ्हाइकं वेगळी. आमच्याकडं सेवेचं बिल लावलं की ‘फोनवरच सांगा की’ म्हणतात. आणि लिनक्सवर धंदा करणारी रेड हॅट कंपनी? 2019 मध्ये आयबीएमनं 34 अब्ज डॉलरला घेतली, 2023 मध्ये तिनं आरएचईएल या आपल्या लिनक्सचा कोड ग्राहकांपुरता ठेवला.

परभणीची ताई: जीपीएल तरी कुठं म्हणतंय की कोड साऱ्या जगाला वाटा? ज्याला प्रोग्रॅम दिला, त्याला कोड द्यायचा. पुढं त्यानं वाटला तर त्याला अडवायचं नाही. रेड हॅटवर लोक चिडले ते यावरूनच: कोड पुढं दिला तर करार तोडू, असं ग्राहकाला सांगणं बरोबर नाही.

लातूरचा आडत्या: मी तेवढंच मागायलो.

जालन्याचा प्रोग्रामर: बरं, त्या कंपनीच्या जागी मी आहे असं धरा: कोड देतो. पण शेजारच्या गाळ्याला द्यायचा नाही, असं लिहून द्या.

लातूरचा आडत्या: ते नाही जमणार. शेजारच्यालाही तोच रकाना पाहिजे. वर्षाचे पैसे घ्या, दुरुस्तीचे वेगळे घ्या, फोनवर अर्धा तास बोललो तर त्याचेही लावा, मी देतो. पण शेजाऱ्याला देता येत नसेल तर पाटीवरचा ‘मुक्त’ शब्द खोडा.