मदत हवी आहे : रुग्णालयाच्या आतल्या नकाशात एपीआयने केलेला बदल किऑस्कवर उमटत नाही

गोदाकाठ_कोडर

नमस्कार मंडळी,

नाशिकमधल्या एका बहुमजली रुग्णालयाच्या आतल्या नकाशाचं काम आमच्या छोट्या टीमकडे आहे. तळमजल्यावर केसपेपरच्या खिडकीशेजारी टचस्क्रीन किऑस्क आहे. ओपीडीचं नाव दाबलं की मजला, खोली आणि लिफ्टपासूनचा रस्ता दिसतो. आधी हे अझ्युर मॅप्स क्रिएटरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इमारतींच्या नकाशांच्या सेवेवर होतं. ती सेवा ३० सप्टेंबर २०२५ला बंद झाली, म्हणून सगळं आमच्या सर्व्हरवर आणलं. फीचर्स (खोल्या, दारं अशा नकाशातल्या वस्तू) आयएमडीएफ या आतल्या नकाशांच्या साच्यात पोस्टजीआयएस डेटाबेसमध्ये आहेत, वर ओजीसी एपीआय फीचर्स या मानकाच्या धर्तीचा वेब एपीआय (फीचर्स वाचायचा आणि बदलायचा मार्ग) आहे आणि किऑस्कवर नकाशा दाखवायला मॅपलिब्रे चालतं. व्हेक्टर टाइल्स, म्हणजे किऑस्कला मिळणारे नकाशाचे तयार तुकडे, रोज रात्री एकदाच बनतात.

आता अडचण. एखादी ओपीडी हलली की रिसेप्शनवाल्या ताई अॅडमिन पानावरून खोलीचं नाव बदलतात. त्या युनिटवर (खोलीच्या फीचरवर) पॅच, म्हणजे तेवढाच भाग बदलायची रिक्वेस्ट जाते, उत्तर २०० (यशस्वी) येतं, लगेच गेट करून फीचर वाचलं तर नवीन नावच मिळतं. किऑस्क मात्र रात्रीपर्यंत जुनंच दाखवतो. क्रिएटरवर रंगासाठी वेगळा स्टेटसेट होता, टाइल्सना हात न लावता खोली बंद की चालू ते बदलता यायचं. तसंच इथे करायला मॅपलिब्रेचं सेट-फीचर-स्टेट (आयडीवरून एखाद्या फीचरला तात्पुरती स्थिती देणारी आज्ञा) वापरलं. एररही येत नाही आणि रंगही बदलत नाही.

दुसरी गोष्ट. मेंटेनन्स विभाग क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधून भिंती सरकवतो आणि त्यांची स्क्रिप्ट अख्खं फीचर पुट करते. मधल्या वेळात रिसेप्शनने केलेला बदल त्यात पुसला जातो.

हे तातडीने का हवंय ते सांगतो. परवा सुरगाण्याहून आलेले एक आजोबा, हातात कॅरीबॅगमध्ये रिपोर्टची फाईल, किऑस्कने सांगितलं म्हणून दुसऱ्या मजल्यावर गेले. डायलिसिसची ओपीडी तिथून सकाळीच हलली होती आणि त्या खोलीत सामान भरायचं काम चालू होतं. पेठ, कळवण, सुरगाण्याहून पहाटेची एसटी धरून येणाऱ्या माणसाला परतीची गाडीही गाठायची असते. शिवाय २०२६-२७चा सिंहस्थ आहे, तेव्हा गर्दी कितीतरी वाढेल. दर बदलाला सगळ्या टाइल्स नव्याने बनवणं हाच उपाय आहे का? जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

सह्याद्रीवेडा

आधी ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये टाइलच्या उत्तराचा कॅश-कंट्रोल हेडर बघा, ब्राउझरने साठवलेली प्रत किती वेळ वापरायची ते त्यात असतं. रात्री नव्या टाइल्स बनल्या तरी कॅशची मुदत लांब असेल तर सकाळीही जुनंच दिसेल. टाइलच्या पत्त्यात आवृत्तीचा आकडा घातला की हा भाग सुटतो. तुमचा मूळ प्रश्न मात्र याच्या पुढचा दिसतोय.

नकाशेवाला_सातपूर

सेट-फीचर-स्टेट गप्प का बसतं ते सांगतो. आयएमडीएफमध्ये प्रत्येक फीचरचा आयडी यूयूआयडी असतो, म्हणजे अक्षर-आकड्यांची ३६ चिन्हांची माळ. व्हेक्टर टाइलच्या स्पेसिफिकेशनमध्ये फीचरचा आयडी हा फक्त ६४ बिटांचा धन पूर्णांक असतो. त्यामुळे टाइल बनवताना तुमचा यूयूआयडी आयडीच्या जागेवरून गळतो. तुम्ही ज्या आयडीला स्टेट देताय, तो आयडी त्या टाइलमध्ये नाहीच. उपाय सोपा आहे: टाइल बनवताना यूयूआयडी प्रॉपर्टी म्हणूनही ठेवा आणि मॅपलिब्रेत सोर्स जोडताना प्रमोट-आयडीला त्या प्रॉपर्टीचं नाव द्या. रंग लगेच बदलायला लागेल.

पण नाव त्याने बदलणार नाही. फीचर-स्टेट फक्त पेंट प्रॉपर्टीत चालतं, म्हणजे रंग, पारदर्शकता वगैरे. लेबलचा मजकूर लेआउटमध्ये येतो, तिथे स्टेट वाचताच येत नाही.

माझं स्पष्ट मत असं की ओपीडीचं नाव युनिटवर असूच नये. आयएमडीएफने हे छान वेगळं केलंय. युनिट म्हणजे चार भिंतींची खोली. ऑक्युपंट म्हणजे तिथे बसणारं कोण, त्याचं नाव आणि वेळ. दोघांना जोडतो अँकर, जो एक बिंदू असतो आणि युनिटचा आयडी धरून असतो. डायलिसिसची ओपीडी दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर आली तर कुठलीही खोली बदललेली नसते, तेव्हा पॉलिगॉनला हातच लावू नका. ऑक्युपंटचा अँकर-आयडी तेवढा बदला, पॅच एका ओळीचा होतो. ओपीडीची वेळही तिथेच ‘अवर्स’मध्ये बसते, ओपनस्ट्रीटमॅपच्या पद्धतीने लिहायची.

मग किऑस्कवर दोन सोर्स ठेवा. भिंती, जिने, लिफ्ट रात्रीच्या टाइल्समधून. नावं मात्र ऑक्युपंट आणि अँकर जोडून बनवलेल्या छोट्या जिओजेसनमधून (नकाशातल्या वस्तूंची साधी मजकुराची फाईल). एका रुग्णालयाचे बिंदू असून असून किती असणार, सेट-डेटाने ते क्षणात ताजे होतात. किऑस्कने दर अर्ध्या मिनिटाला इफ-नन-मॅच हेडरसह, म्हणजे ‘माझ्याकडची प्रत जुनी झाली असेल तरच पाठव’ असं विचारावं. काहीच बदललं नसेल तर सर्व्हर नुसतं ३०४ म्हणेल आणि रुग्णालयाच्या वायफायवर भार पडणार नाही.

पाथर्डीफाटा

पुसापुशीबद्दल. पुट म्हणजे अख्खं फीचर बदलणं, त्यामुळे क्यूजीआयएसमध्ये सकाळी उघडलेली प्रत दुपारी परत पाठवली की मधलं सगळं जाणारच. गेटच्या उत्तरात ईटॅग (त्या प्रतीची खूण) द्या आणि बदल करताना तीच खूण परत पाठवणारा इफ-मॅच हेडर सक्तीचा करा. ईटॅग जुना असेल तर ४१२, हेडरच नसेल तर ४२८ असा नकार द्या. मेंटेनन्सच्या स्क्रिप्टने ४१२ आल्यावर ताजं फीचर आणून फक्त भूमिती बदलून पुन्हा पाठवावं. आपोआप तीच प्रत परत पाठवू नका, मग इफ-मॅचच्या या कुलपाला अर्थ राहत नाही.

पॅच कोणता वापरता तेही बघा. जेसन मर्ज पॅच असेल, म्हणजे आरएफसी ७३९६, तर त्यात किंमत नल (रिकामी) पाठवली की त्या माहितीचं नाव, म्हणजे की-च उडते. आयएमडीएफला मात्र की जागेवर आणि किंमत नल अशी हवी असते. खोलीवरचं ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ हे बंधन काढायला तुम्ही नल पाठवलात की फीचर तपासणीत नापास. अशा जागी जेसन पॅच, आरएफसी ६९०२, त्यातलं रिप्लेस वापरा.

भूमिती पाठवताना पूर्ण रिंग, म्हणजे खोलीच्या कडेचे सगळे बिंदू पाठवा, मर्ज पॅच अॅरेतला (यादीतला) एक बिंदू बदलू शकत नाही. आणि रेखांश आधी, अक्षांश नंतर. नाशिकसाठी ७३.७९ आणि मग २०.००. उलटं पडलं तर खोली नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते, आणि दोन्ही आकडे वैध मर्यादेत असल्याने सर्व्हर काही बोलत नाही. नाशिकच्या हद्दीची एक चौकट ठेवून तिच्याबाहेरचा बिंदू नाकारा.

गोदाकाठ_कोडर

नकाशेवाला, पाथर्डीफाटा, मनापासून आभार. प्रमोट-आयडी लावताच बंद खोल्या राखाडी झाल्या. ऑक्युपंट वेगळे करून नावांचा जिओजेसन सोर्सही चाचणीच्या किऑस्कवर घातला. ताईंनी नाव सेव्ह केलं आणि आम्ही स्क्रीनसमोर उभे असतानाच लेबल बदललं! नलचा मुद्दा तर नेमका लागू पडला, सोनोग्राफीच्या खोलीवर व्हॅलिडेटर का अडतो ते कळत नव्हतं. इफ-मॅचचं काम चालू आहे.

एक शेवटचं. तिसऱ्या मजल्यावर मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली जातेय. कुठला आयडी ठेवू?

नकाशेवाला_सातपूर

नवा यूयूआयडी द्या. जुन्यापैकी एक ठेवलात तर त्यावर टांगलेली अर्ध्या खोलीची माहिती अख्ख्या खोलीला चिकटते. सगळं एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये करा: नवं युनिट घाला, दोन्ही अँकर त्याच्याकडे वळवा, मगच जुनी युनिट्स काढा. एपीआयवर तीन-चार वेगळ्या रिक्वेस्ट पाठवल्यात आणि मधे नेट गेलं तर ओपीडी कुठल्याच खोलीत नसेल.

पाडलेल्या भिंतीत दार होतं का बघा. असेल तर ते ओपनिंगही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये काढा. आणि नव्या खोलीला कॉरिडॉरकडून दोन दारं राहणार असतील तर प्रत्यक्षात उघडं कुठलं राहणार ते मेंटेनन्सला विचारून घ्या, कारण रस्ता शोधणारा प्रोग्रॅम जवळचं दार निवडतो, ते कायमचं कुलूपबंद असलं तरी.