प्रारण, किरणोत्सर्ग की धग?

उद्यमबाग: फाउंड्रीत वितळलेला धातू साच्यात ओततात, तिथं लावायच्या कन्नड-मराठी पाटीचं मराठी अडलंय. कन्नडमध्ये ‘विकिरण शाख’ (किरणांनी येणारी उष्णता) ठरलं. मराठी मसुद्यात ‘किरणोत्सर्गी उष्णतेपासून सावध’ असं आलंय. चालेल का?

शहापूरकर: अजिबात नको, खोडा. किरणोत्सर्ग अणुकेंद्रातून होतो. कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागाच्या, आतल्या पोकळ्या तपासायला इरिडियम-१९२ हा किरणोत्सर्गी पदार्थ आणतात, ती पाटी तिथली. दोन्हीकडे एकच शब्द लावलात तर भट्टीजवळचा माणूस उगाच घाबरेल, आणि इरिडियमजवळचा ‘गरमच लागेल की’ म्हणत आत जाईल. ‘प्रारण’ लिहा. उष्णता पसरण्याच्या तीन तऱ्हा, वहन, अभिसरण आणि (किरणांनी होणारं) प्रारण, ही जोडणी महाराष्ट्राच्या पुस्तकांत पक्की आहे.

निपाणीकट्टा: पुस्तकात ठीक. लॅडल (रस ओतायचा डाव) धरणाऱ्याला पाटी बघताक्षणी कळायला हवी. आपला ‘धग’ आहे की! ‘धग लागेल, अंतर ठेवा’ एवढं पुरे.

खानापूर: धग की झळ? फरक आहे. भट्टी आणि चेहरा यांच्यामध्ये पत्रा धरा. लगेच थांबते ती धग. पत्र्याला वळसा घालून येत राहते ती झळ, म्हणजे तापलेली हवा. पत्रा जास्त वेळ धरू नका, तो स्वतः तापला की तोच धग द्यायला लागतो.

शहापूरकर: मग ‘उन्हाची झळ’ का म्हणतो आपण? ऊन अवकाशाच्या पोकळीतून येतं, तिथं हवेचा संबंध नाही. ते निखळ प्रारण.

वडगाव: कन्नडमध्येही ‘बिसिलिन झळ’ म्हणतात आणि ‘धगे’ही आहे. धग तिकडूनच आपल्यात आला असावा.

निपाणीकट्टा: उलटंही असेल. ‘धगधगणे’ हा जाळाच्या आवाजावरनं झालेला शब्द असावा, तो दोन्हीकडे आपापला होऊ शकतो. सीमेवर शब्दाचा सातबारा कोण काढणार?

शहापूरकर: उगम बाजूला ठेवा. धगीत मूळ अर्थ मावत नाही. २७ अंशांवरची काळी भिंतसुद्धा दर चौरस मीटरला सुमारे ४६० वॅट बाहेर टाकते. भोवतालाकडून जवळपास तेवढंच परत घेते म्हणून जाणवत नाही. तिला प्रारण आहे, धग नाही. ५२५ अंशांच्या आसपास तीच गोष्ट मंद लाल दिसू लागते. उष्णता आणि उजेड दोन्ही धरणारा शब्द हवा.

खानापूर: पाटीला सगळं भौतिकशास्त्र मावायला कशाला पाहिजे? पण एक पटतं, उजेडावरून धगीचा अंदाज बांधू नये. १४०० अंशांच्या रसाचं, म्हणजे वितळलेल्या धातूचं, सर्वाधिक प्रारण १.७ मायक्रॉन तरंगलांबीजवळ असतं, डोळ्याला न दिसणारं. आणि सातशेवरून चौदाशेला गेलं की धग दुप्पट होत नाही, जवळजवळ नऊपट होते. केल्विनमधल्या तापमानाचा चौथा घात लागतो.

मच्छे: मग ‘इमिसिव्हिटी’ला, म्हणजे काळ्या पृष्ठभागाच्या तुलनेत एखादी वस्तू किती प्रारण टाकते त्या प्रमाणाला, काय म्हणता? प्रारणावरून तापमान सांगणाऱ्या पायरोमीटरवर तीच चुकते. स्वच्छ रसाची १ मायक्रॉनला साधारण ०.३५ असते. उपकरण ०.९५ वर राहिलं तर १४०० चा रस १२२५ च्या आसपास दाखवतं. मग वाढवा भट्टी, आणि भट्टीचं आतलं अस्तर खाल्लं जातं. रसावर तरंगणारी मळी बाजूला सारून, उघड्या रसावर नेम धरून वाचा. मळीची वेगळी असते.

शहापूरकर: उत्सर्जकता.

मच्छे: शिफ्टमध्ये कोण म्हणणार ते?

शहापूरकर: म्हणायला लावलं तर म्हणतील. ‘तापमान’ही कधीतरी नवाच होता.

वडगाव: कन्नडचा ‘विकिरण’ घेतला तर? कन्नड आणि मराठी दोन्हींत एकच शब्द येईल.

शहापूरकर: तीच अडचण. कन्नडमध्ये किरणोत्सारी म्हणायलाही ‘विकिरणशील’ आहे. इरिडियमचा घोळ पुन्हा तिथंच.

खानापूर: पाटीखाली एक ओळ घाला: अॅल्युमिनियमच्या एप्रनची चकचकीत बाजू बाहेर ठेवा. चकचकीत असेपर्यंत ती बरीचशी धग परतवते. तेल आणि वाळूची पूड बसली की शोषायला लागते. पाळी संपली की ओल्या फडक्यानं पुसा. चुरगळून ठेवलं तर थराला भेगा जातात.

उद्यमबाग: ती ओळ घेतो. पण वरचा शब्द कुठला?

निपाणीकट्टा: धग.

शहापूरकर: प्रारण.